ओट्यापुरता आवाज

२३ मार्च २०२५, रविवार. नाशिक

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज झोपण्याआधी कोणाचे तरी आभार लिहून काढा. राग कमी होईल आणि रागाबरोबर बीपी. मी म्हटलं, डॉक्टर, मी साउंडवाला आहे, लग्नात आणि कीर्तनात लोकांच्या शिव्या खातो, आभार मानायला माणूस कुठून आणू? ते म्हणाले, शोधा. येताना बायकोने, उज्वलाने, पंचवटीत थांबून ही डायरी घेतली. वर गुलाबाची फुलं आहेत. 'भिकन साउंड सर्व्हिस'च्या मालकाने गुलाबाच्या वहीत लिहायचं. चला, हेही करून बघू.

आज आभार नव्या कॉलम स्पीकरचे. दोन्ही काल आले. माझ्यापेक्षा उंच, वितीपेक्षा जरा रुंद, आत लहान लहान स्पीकर एकावर एक रचलेले. प्रत्येकाला आवाज किंचित मागेपुढे पोचतो, त्यामुळे सगळ्यांचा मिळून एक झोत होतो. कॉलम सरळ उभा ठेवायचा आणि झोत लॅपटॉपवरून वळवायचा. वर, खाली, जवळ, लांब. एकाच कॉलममधून दोन झोतही निघतात, पुढच्या रांगांना मऊ आणि मागच्यांना जोरकस. शिकवायला आलेला मुलगा अर्धा वेळ इंग्रजीत बोलला. तो गेल्यावर उज्वला म्हणाली, "म्हणजे कर्णा हे पाटाचं पाणी आणि हे ठिबक."

शेवटी द्राक्षबागायतदाराची लेक. गावात मी हे असंच सांगणार आहे, अर्थात तिचं नाव न घेता.

२७ मार्च, गुरुवार. गाव

आज चांदवडवरून गावी आलो. ग्रामसभेत बसलो आणि बीपीची गोळी सोबत आणली होती याबद्दल स्वतःचेच आभार मानले.

भांडण जुनं नाही, गेल्या वर्षीचंच आहे. मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात हनुमान जयंतीचा सप्ताह बसतो. पटांगणाच्या मागे जमीन चढत जाते, आणि त्या चढावर मुन्नाची पोल्ट्री, पायथ्याशी त्याचं घर. मुन्ना शेख म्हणजे पहिलीपासून माझ्या बाकावरचा. गेल्या वर्षी काल्याला कोणीतरी डीजेचे मोठे बेस आणून लावले. कोंबड्या घाबरल्या की पळून जात नाहीत. कोपऱ्यात एकमेकींवर चढतात, आणि खालच्या गुदमरतात. मुन्नाची निम्मी बॅच तशी गेली. त्याने पोलिसांत अर्ज दिला, आणि तेव्हापासून गावातली निम्मी माणसं त्याच्याशी बोलत नाहीत.

शेवटी ठरलं ते असं. यंदा आवाज माझा. काल्याच्या दिवशी सगळ्यांसमोर मुन्नाला विचारायचं. पक्षी मेले, असं तो म्हणाला तर पुढच्या वर्षापासून सप्ताहाला माईकच नाही.

सप्ताह कमिटीचे धोंडीराम अण्णा मला म्हणाले, "भिकन, तू मधी पडतोयस. आवाज तिकडं गेला तर मारुतीरायाचा माईक बी जाईल अन् तुझं नाव बी."

मुन्ना म्हणाला, "माझी माईकशी दुष्मनी नाय अण्णा. पक्षी भितात, येवढंच हाय."

मी दोघांना शब्द देऊन बसलो. ठिबकचं बोललो तेव्हा लोकांनी माना डोलावल्या.

३१ मार्च, सोमवार. ईद

उज्वलाला घेऊन मुन्नाकडे शिरखुर्म्याला. शहनाजभाभींनी दोन वाट्या दिल्या आणि तिसरी मी मागून घेतली. इनायतचाचा, म्हणजे मुन्नाचे वडील, ओट्यावर खाटेवर होते. लकव्याला आता दोन वर्षं झाली, डावी बाजू गेली. एके काळी बँडमास्तर होते. माझ्या लग्नात त्यांनी क्लॅरनेट वाजवलं तेव्हा घोडा नाचायचं सोडून ऐकत उभा राहिला होता.

चाचांनी विचारलं, "यंदा पखवाजाला कोण हाय रे भिक्या? मागच्या वर्षीचं पोरगं शेवटी शेवटी ताल लय पळवायचं."

म्हटलं, यंदा तो नाही, पेठकडचा एक जण आहे, हात चांगला आहे. चाचांना बरं वाटलेलं दिसलं. म्हाताऱ्या माणसांना काहीतरी विषय लागतो बोलायला.

आभार शहनाजभाभींचे.

४ एप्रिल, शुक्रवार

मांडणी झाली. कॉलम स्टेजच्या दोन्ही अंगांना. पुढे टाळकरी आणि लहान मुलं, त्यांना मऊ झोत. मध्ये डावीकडे बायका आणि उजवीकडे पुरुष. मागे लिंबाखाली उशिरा येणारे, त्यांच्यासाठी लांबचा झोत. लिंबाच्या बुंध्याशी आवाज संपतो. बेस मी लावलाच नाही, कारण जाड आवाज कोणाचं ऐकत नाही, कुठेही शिरतो. कीर्तनाला महाराजांचा गळा नीट पोचला की झालं.

एका माणसाला माईकवर गावच्या हवापाण्याची माहिती सांगायला बसवलं आणि मी चालत निघालो. लिंबापर्यंत शब्दन् शब्द. लिंबाच्या पुढे पाचपन्नास पावलांवर नुसती गुणगुण. मुन्नाच्या शेडपाशी काहीच नाही. आत त्याचा रेडिओ चालू होता, पक्ष्यांना सवय राहावी म्हणून तो हळू आवाजात कायम लावून ठेवतो. त्या रेडिओपुढे माझे नवे कॉलम हरले. मला आनंदाने नाचावंसं वाटलं. मुन्नाला टाळी दिली.

"एकदम काहीच येत नाय की रे," तो म्हणाला.

म्हटलं, "मग! शब्द दिला होता ना."

त्याने वळून खाली घराकडे पाहिलं. नंतर म्हणाला, "बरं झालं." इतक्या सपक आवाजात शाबासकी मला आजवर कोणी दिली नव्हती. पण गेलं वर्ष त्याचं फार वाईट गेलंय, मी मनावर घेतलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

सप्ताह बसला. पहिलं कीर्तन. नवसाबाईंनी स्टेजपाशी येऊन सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा बायकांच्या बाजूला महाराजांचा शब्द कळला, आजवर नुसता आवाज यायचा. आज आभार नवसाबाईंचे, आणि लिहिताना पहिल्यांदाच शोधावं लागलं नाही.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. गर्दी चांगली. महाराजांनी मारुतीच्या लंकेला जाण्याची कथा धरलीय, रोज थोडी थोडी पुढे नेतात.

कीर्तन सुटल्यावर मुन्ना आला आणि विचारतो, "आज महाराजांनी काय काय सांगितलं?"

म्हटलं, "का रे? ऐकू आलं का तिकडे?"

"नाय नाय. कायबी नाय आलं. म्हणून तर इचारतो."

हे मला जरा लागलं. आवाज आला नाही याची खात्री करून घ्यायचीय, तर सरळ म्हण ना.

८ एप्रिल, मंगळवार

मुन्ना रोज येतोय. रोज तेच. कथा कुठवर आली, मारुतीला लंकेत सीता दिसली का. आज मी म्हटलं, दिसली, अशोकवनात. तर म्हणतो, "तसं नाय, महाराजांनी कसं सांगितलं तसं सांग. पखवाज कुठं वाजला, हसू कुठं आलं, ते."

आता साउंडवाल्याने कीर्तन पण करायचं का? मी चिडून घाईघाईत सांगितलं. तो ओठ हलवत ऐकत होता, शाळेत पाढे म्हणायचा तसा. संपताच "चल" म्हणून जवळजवळ पळतच गेला, थांबला असता तर विसरला असता जणू. मला वाटतं, अण्णांच्या विरोधकांपैकी कोणी त्याला भरीला घालतंय. भिकनने काही गडबड केली का, रोज चौकशी कर म्हणून.

उज्वलाला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही त्याला एकदा घरात बसवून नीट विचारलंत का?"

नाही विचारलं. आज आभार कोणाचेच नाहीत.

९ एप्रिल, बुधवार

महाराजांच्या घशाला त्रास होता. आवाज निम्मा, तरी लिंबाखालीपर्यंत पोचवला. त्यांनी प्रसादाचं पहिलं केळं मला दिलं. बीपी १३० वर आलंय.

१० एप्रिल, गुरुवार

उशीर झालाय, पण लिहितो.

संध्याकाळी आसपासच्या वस्त्यांवरून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली. लिंबाच्या पलीकडे बसली, आणि त्यांना ऐकू येईना. येणार कसं, झोत लिंबापाशी संपतो. मला सांगितलं असतं तर लॅपटॉपवर दोन मिनिटांचं काम होतं. पण मी हरिपाठानंतर चहाला गेलो होतो, आणि कमिटीतल्या रविराजने कॉलम पाहिले. सरळ उभे. गावात जन्मापासून सगळ्यांनी कर्णेच पाहिलेले. लांब पाठवायचं तर कर्ण्याचं तोंड वर करायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्याने बिचाऱ्याने मदत म्हणून दोन्ही कॉलमच्या पुढच्या पायांखाली विटा सारल्या.

मी आलो, कीर्तन सुरू झालं. मधल्या रांगांत आवाज पडलेला वाटला. मला वाटलं गर्दीमुळे, म्हणून मी वाढवला. आणखी वाढवला. तो सगळा लोकांच्या डोक्यावरून थेट चढावर जात होता, शेडच्या जाळीत. लंका पेटत होती, महाराज रंगात, पखवाज जोरात. मग मला शेडमधले दिवे लागलेले दिसले आणि मुन्नाची सावली आत इकडून तिकडे धावताना दिसली.

मी सगळं बंद केलं, आणि तेव्हा कुठे कॉलमखालच्या विटा दिसल्या. ऐन कथेत. हजारभर माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. महाराज मोठे, त्यांनी टाळ्यांवर नामघोष धरला आणि माईकशिवाय पुढे गेले.

मी चढ चढून गेलो तर मुन्ना शेडच्या दारात उभा, दार ओढून घेतलेलं. अंगावर पिसं, श्वास लागलेला. "आत येऊ नको, पुन्हा बिथरतील," म्हणाला. मी विचारलं, गेले का रे पक्षी? म्हणाला, "नाय. टायमावर आवरलं. तू जा खाली."

मी देवाचे, मुन्नाचे, विटेचेसुद्धा आभार मानत चढ उतरलो, तर घराच्या ओट्यावरून चाचांची हाक. खाट नेहमीसारखी भिंतीला लावलेली नव्हती, पटांगणाकडे तोंड करून ठेवली होती.

"भिक्या, बंद कशाला केलं रे? पाच दिसांनी आज आलं होतं ऐकायला! लंका पेटलेली अन् तू बंद केलंस."

मी खाटेच्या कडेला टेकलो. चाचा सांगत राहिले. कोंबड्यांचा गलका त्यांनीही ऐकला होता, पण शेडमध्ये कुत्रं शिरलं असं मुन्नाने त्यांना सांगितलं होतं. वर्षाच्या वर्षाला हा सप्ताह कर्ण्यावरून त्यांच्या खाटेपर्यंत येतो, दोन वर्षं तर दुसरं आहे काय, खाट आणि छत. यंदा पहिल्या दिवशी काहीच आलं नाही तेव्हा ते मुन्नाला म्हणाले, महाराज काय बोलले ते तरी विचारून ये.

आणि मी काय समजत होतो! मुन्नाने आवाज बंद करा म्हणून अर्ज दिला, त्याच मुन्नाने आवाज द्या असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? म्हणून तो रोज माझ्याकडून थोडं थोडं नेत होता आणि खाटेपाशी बसून सांगत होता. मी तर त्यालाही नीट सांगितलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळीच कामाला लागलो. मुन्नाचं घर चढाच्या पायथ्याशी, शेड वर. मागचा झोत थोडा लांबवून त्याच्या टोकाला एक बारीक झोत काढला, ओट्याच्या उंचीचा, रेडिओइतका हळू. शेडच्या जाळीपाशी उभा राहून तीनतीनदा ऐकलं. काही नाही. कॉलमचे पाय फळीला बोल्टने आवळले. रविराज स्वतः पाना घेऊन बसला होता, सारखा कानाला हात लावत होता. मी त्याला ओरडलो नाही. चांगल्या मनाने केलेल्या चुकीवर ओरडायचं कसं, ते अजून मला जमत नाही.

मुन्ना शेडच्या मागे खड्डा बुजवत होता. पायांना पांढरा चुना. विचारलं तर म्हणाला, आंब्याचं रोप लावायचंय पावसाळ्यात, तयारी. बरोबर आहे, फळझाडाचे खड्डे उन्हाळ्यातच करतात. एवढ्या धावपळीत या माणसाला आंबा सुचतो, मला कौतुक वाटलं.

मी म्हटलं, "आज चाचांना कीर्तन ऐकू येईल. ओट्यापुरतं. पक्ष्यांना नाही."

त्याने फावडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "अब्बांना मी मागितलं असं सांगू नको. भिकनने आपल्या मनानं दिलं म्हण."

"मी आपल्या मनानेच दिलंय."

रात्री, म्हणजे कीर्तन चालू असतानाच, उज्वला भाकरी-पिठलं घेऊन ओट्यावर जाऊन आली. चाचांचा उजवा हात खाटेच्या लाकडावर ताल धरत होता म्हणे. महाराजांनी लंका कालच्या जागेवरून पुन्हा पेटवली, मी तशी विनंती केली होती.

इतके आभार आहेत की गुलाबाची अख्खी वही भरेल.

येताना खड्ड्याचं सांगितलं, तर उज्वलाने विचारलं, "खड्डा उन्हात तापवायचा असतो ना? मग मुन्नाभाऊ बुजवत का होते?" शेतकऱ्याच्या मुलीला नसत्या शंका फार.

१२ एप्रिल, शनिवार. काला

काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, लाह्या वाटल्या. मग अण्णांनी माईक हातात घेतला आणि मुन्नाला पुढे बोलावलं. तो पांढरा सदरा घालून आला होता. परवाचा प्रकार सगळ्यांनी पाहिलेला.

"मुन्ना, सगळ्या गावासमोर सांग. यंदा पक्षी मेले का?"

"नाय, अण्णा."

"एक बी नाय?"

"नाय म्हटलं ना. माईक राहू द्या."

अण्णांनी त्याला मिठीच मारली. वर्षभर न बोललेली माणसं त्याच्या पाठीवर थापा मारत होती, कोणी लाह्या देत होतं. मला शाल आणि नारळ. मी ठिबकचं भाषण पुन्हा केलं, आणि या वेळी उज्वलाचं नाव घेतलं. ती बायकांच्या बाजूला बसून माझ्याकडे न बघता मुन्नाकडेच बघत होती.

यंत्राने लाज राखली, आणि मुन्ना खरं बोलला. मनात गेल्या वर्षीचा राग धरून तो खोटंही बोलू शकला असता, कोणी काय केलं असतं? अशा मित्राबद्दल देवाचे आभार.

१५ एप्रिल, मंगळवार

काल नाशकात जयंतीचं काम होतं, म्हणून कॉलम आणायला आज गावी गेलो. आधी शाल घेऊन मुन्नाकडे. मला वाटत होतं, ती खरी त्याची आहे.

शेडच्या मागून कुत्र्यांचं गुरगुरणं आलं. मुन्ना आरडाओरडा करत दगड मारत होता. मी धावलो. आंब्याचा खड्डा कुत्र्यांनी उकरला होता. चुन्यात मळलेली पांढरी पिसं. पाय. एकावर एक, एकावर एक.

मुन्नाने हातातला दगड खाली टाकला.

"किती रे?" मी विचारलं.

"मोजल्या नाय."

"मुन्ना, मी अण्णांना सांगतो. आत्ता जातो. चूक आमच्या बाजूची आहे, माझीच. मी आवाज वाढवला होता."

"सांग," तो म्हणाला. "मग माईक जाईल. अन् माईक का गेला ते अब्बांना तू सांग. त्यांना कळलं ना, की त्यांना येवढं आवडलं त्या येळेला इकडं ह्या मरत होत्या, तर ते पुन्हा कधी ऐकायचे नाय. तू आवाज दिला तरी कान झाकून घेतील. मी वळखतो त्यांना. म्हणून मोजल्या बी नाय. मोजल्या असत्या तर आकडा तोंडात आला असता कधीतरी."

मी या वहीत गेले तीन आठवडे आभार वाटत सुटलोय. केळ्याचे, विटेचे, यंत्राचे. या माणसाने आपलं नुकसान मातीत पुरलं, वर सगळ्या गावाच्या थापा पाठीवर घेतल्या, आणि मी लिहून ठेवलं की तो खरं बोलला. मला रडू आलं. बावन्न वर्षांचा माणूस मी, कोंबड्यांच्या खड्ड्याशी उभा राहून रडत होतो. मुन्नाने माझ्या हातात दुसरं फावडं दिलं.

आम्ही माती भरली, आणखी चुना टाकला, विहिरीपाशी पडलेले मोठे दगड ढकलत आणून वर रचले.

मध्येच ओट्यावरून चाचांनी हाक मारली, "मुन्ना, भिक्याचा आवाज येतोय का रे? शहनाजला चहा टाकायला सांग."

"आलो अब्बा," मुन्ना ओरडला.

हौदावर आम्ही कोपरापर्यंत हात धुतले. मुन्नाने त्याच्या हाताचा वास घेतला, मग माझ्या. नाही म्हणून मान हलवली. आम्ही पुन्हा साबण लावून धुतले आणि मग चहाला गेलो.